खंडणी आणि देणं

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून दीक्षान्त संचलन करून बाहेर पडलेला आमच्या कॉलनीतला एक मुलगा उपनिरीक्षक म्हणून गडचिरोलीला रुजू झाला, त्याला आता बरीच वर्षं झाली. जायच्या आदल्या दिवशी त्याची आई पेढे घेऊन आली होती. निघताना दारात चपला घालता घालता तिनं विचारलं, "भाऊ, उद्या समजा त्या लोकांनी ह्याला उचलून नेलं, तर सरकार बोलेल का हो त्यांच्याशी?" मी म्हणालो, "असलं काही मनात आणू नका, वहिनी." ती मान हलवून गेली. पण तसं घडेल का, हे तिनं विचारलंच नव्हतं. घडलं तर सरकार बोलेल का, एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर मी टाळलं. ते इथे द्यायचा प्रयत्न करतो.

सरकार बोलतं. "बंदुकीच्या धाकापुढे झुकणार नाही" असं कॅमेऱ्यासमोर सांगतं आणि त्याच संध्याकाळी मध्यस्थ शोधायला लागतं. २१ एप्रिल २०१२ ला छत्तीसगडमधल्या सुकमाचे जिल्हाधिकारी अ‍ॅलेक्स पॉल मेनन ग्रामसुराज अभियानासाठी माझीपारा गावात लोकांशी बोलत बसले असताना माओवाद्यांनी त्यांना नेलं. त्यांचे दोन अंगरक्षक तिथेच मारले गेले. मेनन दम्याचे रुग्ण. त्यांची औषधं घेऊन माजी आमदार मनीष कुंजाम जंगलात गेले. मग सरकारच्या बाजूने निर्मला बुच आणि एस. के. मिश्रा हे दोन निवृत्त मुख्य सचिव बसले, माओवाद्यांनी सुचवलेले म्हणून बी. डी. शर्मा आणि प्राध्यापक हरगोपाल आले, आणि ३ मेला मेनन परत आले. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०११ मध्ये, ओडिशातल्या मलकानगिरीचे जिल्हाधिकारी विनील कृष्णा यांच्या बाबतीतही बोलणी होऊनच सुटका झाली. २०१२ च्याच मार्च-एप्रिलमध्ये ओडिशात दोन इटालियन पर्यटक आणि आमदार झीना हिकाका यांच्यासाठीही बोलणी झाली.

म्हणजे बोलावं की बोलू नये, हा वाद निकालात निघालेला आहे. कोणासाठी बोलायचं, काय द्यायचं आणि माणूस घरी आल्यावर दिलेल्या शब्दाचं काय करायचं, हे मात्र कोणी ठरवून ठेवलेलं नाही. दर वेळी नवी धावपळ, नवी समिती.

वहिनींच्या प्रश्नातला खरा काटा त्या 'ह्याला' या शब्दात होता. ८ डिसेंबर १९८९ ला श्रीनगरमध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री मुफ्ती महंमद सईद यांच्या मुलीचं, रुबैया यांचं, अपहरण झालं. पाच दिवसांत पाच अतिरेकी तुरुंगाबाहेर आले आणि ती घरी पोचली. चार महिन्यांनी, एप्रिल १९९० मध्ये, काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू मुशीर उल हक, त्यांचे सचिव आणि एचएमटीचे महाव्यवस्थापक एच. एल. खेरा यांना नेलं गेलं. मागणी तीच, साथीदारांना सोडा. या वेळी सरकार ठाम राहिलं आणि तिघांचे मृतदेह मिळाले. या दोन घटना मी कधीच सुट्या वाचू शकत नाही. पहिल्या वेळी दिलेली किंमत दुसऱ्या वेळच्या अपहरणाला निमंत्रण ठरली, हा एक भाग. दुसरा भाग मला जास्त छळतो. ठामपणा आठवला तो मंत्र्याच्या घरातलं माणूस सुटून आल्यावर. कुलगुरूंच्या घरीही वाट पाहणारी माणसं होतीच.

पोलिसांची गोष्ट आणखी वेगळी. २०१० साली बिहारमधल्या लखीसरायमध्ये चार पोलीस माओवाद्यांच्या ताब्यात सापडले. एकाचा मृतदेह मिळाला आणि तिघे काही दिवसांनी परत आले. त्याच्या आदल्या वर्षी झारखंडमध्ये एका पोलीस निरीक्षकाला पळवून नेऊन त्याचा शिरच्छेद केला गेला.

आणि ज्यांचा हिशोब कुठेच लागत नाही, ती गडचिरोलीच्या आतल्या गावांतली माणसं. कुणी गावचा पाटील, कुणी नुसताच रस्त्याच्या कामावर मजुरीला गेलेला माडिया तरुण. पोलिसांचा खबऱ्या असल्याचा संशय आला की रात्री दारावर थाप पडते, माणसाला झाडीत नेतात आणि सकाळी रस्त्यावर मृतदेह आणि त्यावर चिठ्ठी. त्याच्यासाठी ना समिती बसली, ना निवृत्त सचिव आले, ना कुणी औषधं घेऊन जंगलात गेलं. ओलीस ठेवण्याइतकीही त्याची किंमत नसते, कारण त्याच्या बदल्यात सरकार काही देणार नाही हे नेणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. वहिनींचा मुलगा या उतरंडीत कलेक्टरपेक्षा बराच खाली आणि त्या मजुरापेक्षा थोडा वर. त्यांना हे कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं, पण त्यांना ते कळत होतं.

आता दुसरी बाजू, तिच्या पूर्ण वजनासह. बोलूच नका म्हणणाऱ्यांचा सगळ्यात मोठा पुरावा कंदाहार. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ विमान अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतलं. अमृतसरच्या धावपट्टीवर ते पाऊण तास उभं होतं आणि तिथून निसटलं. पुढे लाहोर, दुबई आणि शेवटी तालिबानच्या ताब्यातलं कंदाहार. एका तरुण प्रवाशाला चाकूने मारलं. मागणी होती ३६ कैद्यांची आणि २० कोटी डॉलरची. दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासस्थानाबाहेर नातेवाईक आक्रोश करत होते. ३१ डिसेंबरला परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह तीन कैद्यांना सोबत घेऊन कंदाहारला गेले. त्यातल्या मसूद अझहरने पुढच्याच वर्षी जैश-ए-महंमद ही संघटना काढली. २००१ चा संसदेवरचा हल्ला आणि २०१९ चं पुलवामा ही पुढची नावं सगळ्यांना पाठ आहेत. दुसरा, ओमर शेख, २००२ मध्ये अमेरिकी पत्रकार डॅनियल पर्ल यांच्या अपहरणात सापडला.

या प्रकरणावर माझं मत मी पुष्कळ वर्षं मनात ठेवलं, कारण ते उच्चारायला कठोर आहे. कंदाहारला बोलायला गेलेल्या अधिकाऱ्यांनी ३६ चे ३ केले, पैशांची मागणी सोडायला लावली. ते अवघड काम त्यांनी केलं आणि बोलणी करायची असतात ती यासाठीच. चूक आधी झाली, अमृतसरला, आणि दुसरी शेवटी झाली. मसूद अझहरला सोडायला नको होतं. विमानात माझी मुलगी असती तर मीही त्या गर्दीत उभं राहून 'सोडा' म्हणून ओरडलो असतो, आणि तरीही सोडायला नको होतं. बापाने काय मागावं आणि राज्याने काय द्यावं, या दोन गोष्टी एक असू शकत नाहीत. पण अशी रेघ राज्याने आखायची तर ती संकट यायच्या आधी आखलेली हवी, सगळ्यांना माहीत हवी आणि गृहमंत्र्यांच्या घरासाठीही तीच हवी. आपल्याकडे ती माणूस बघून आखली गेली, म्हणून तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. विमानांपुरतं तरी कंदाहारनंतर शहाणपण आलं. २००५ मध्ये सरकारने अपहरणविरोधी धोरण ठरवलं, २०१६ चा कायदा आला. जंगलातल्या वाटेवर उचलल्या गेलेल्या माणसासाठी मात्र दंडसंहितेतलं कलम आहे, १९९३ साली घातलेलं ३६४ अ आणि आता न्याय संहितेतलं १४० (२). ते अपहरण करणाऱ्याला फाशी किंवा जन्मठेप सांगतं. सरकारने कसं वागावं, यावर ते गप्प आहे, आणि दंडाचं कलम असल्यामुळे तिथे गप्पच असणार.

रेघ कुठे आखायची? मला आपल्याच भाषेतले दोन शब्द इथे पुरेसे वाटतात: खंडणी आणि देणं. जे द्यायला आपण बांधील नाही आणि धाकापायी देतो, ती खंडणी. जे कायद्याने, घटनेने आपण आधीच लागतो आणि दिलं नाही, ते देणं. ओलीस धरणाऱ्यांच्या मागण्यांची यादी उघडून पाहा. तिच्यात दोन्हींची सरमिसळ असते आणि ती मुद्दाम केलेली असते.

मलकानगिरीची यादी घ्या. पकडलेल्या नेत्यांना सोडा, सुरक्षा दलांच्या मोहिमा थांबवा. ही खंडणी. पण त्याच यादीत दोन-तीन गावांना छोटे सिंचन प्रकल्प हवे होते. नूकाडोरा आणि कोंडारेड्डी या जमातींना अनुसूचित जमातींचा दर्जा हवा होता. खोट्या गुन्ह्यांत अडकलेल्या आदिवासींचे खटले मागे घ्यायला हवे होते. गावाला पाट काढून देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याला पळवून न्यावं लागतं का? विनील कृष्णा तर बालिमेला जलाशयापलीकडच्या त्या दुर्गम भागात विकासकामं पाहायला, अंगरक्षकाशिवाय गेले होते. त्यांच्या सुटकेसाठी मलकानगिरीचे आदिवासीच रस्त्यावर उतरले. ज्यांच्या नावाने त्यांना पळवलं, तेच लोक.

सुकम्यातही तसंच. माओवाद्यांनी नावं देऊन काही साथीदार मागितले होते. ते दिले गेले नाहीत. दिलं गेलं ते तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांची प्रकरणं तपासण्याचं आश्वासन, आणि निर्मला बुच यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आता हे आठवा की जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मी मुदत कच्चा कैदी म्हणून काढलेल्या माणसाला सोडण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीनेच आलेली होती. म्हणजे तुरुंगांतली यादी काढून तपासणं हे सरकारचं रोजचं काम होतं. ते वर्षानुवर्षं नीट झालं नाही आणि दोन अंगरक्षकांचे जीव गेल्यावर बारा दिवसांत त्याचा निर्णय झाला. सरकारने त्या वेळी बोलणी केली हे बरोबरच. पण ज्याच्यावर बोलणी झाली ते आधी देऊन टाकलेलं असतं, तर माओवाद्यांच्या यादीत केवळ खंडणी उरली असती. केवळ खंडणीच्या यादीमागे गाव उभं राहत नाही.

हे मी नाशिकमध्ये बसून इतक्या खात्रीने लिहितो, कारण याची दुसरी बाजू मी इथल्याच रस्त्यावर पाहिली आहे. ६ मार्च २०१८ ला सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे निघाला. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडचे आदिवासी, डोक्यावर लाल टोपी, खांद्यावर पिशवी, त्यात भाकरी. बायका संख्येनं पुरुषांच्या बरोबरीने. मुख्य मागणी होती वनहक्क कायद्याची, २००६ सालच्या कायद्याची. बारा वर्षं झाली तरी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीन नावावर होत नव्हती. झाली तरी कसतो एकरांत आणि मंजूर गुंठ्यांत, अशी तक्रार होती. जवळपास एकशे ऐंशी किलोमीटर ते चालले. मुंबईत पोचल्यावर दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीच उठून पहाटेपर्यंत आझाद मैदानावर गेले. फुटलेल्या टाचांचे फोटो देशभर छापून आले. कुणाला ओलीस धरलं नाही, एक बस फोडली नाही. १२ मार्चला सरकारने मागण्या लेखी मान्य केल्या.

पुढच्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा निघावं लागलं. नाशिकच्या वेशीवरच पुन्हा लेखी आश्वासन मिळालं. मार्च २०२३ मध्ये पुन्हा दिंडोरीतून निघाले, वाशिंदपर्यंत चालले, पुन्हा आश्वासन. काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. बऱ्याच दाव्यांची फेरतपासणी झाली, काहींच्या हातात कागद आला. पण एकाच मागणीसाठी पाच वर्षांत तीनदा चालावं लागणं म्हणजे काय, हे त्या चालणाऱ्यांच्या जागी बसून पाहा. शांतपणे मागणाऱ्याला तारीख मिळते आणि बंदूक रोखणाऱ्यासाठी बारा दिवसांत समिती बसते, हा धडा राज्य स्वतः देत असेल तर अपहरणाविरुद्ध कितीही कडक कलमं लिहून काय होणार? नाशिकच्या डोंगरपट्ट्यातला आदिवासी हा धडा शिकला नाही. तो पुन्हा चालला. त्याच्या या शहाणपणावर आपण किती काळ विसंबून राहणार आहोत, याची मला काळजी वाटते.

खंडणी न देण्याची किंमतही असते, आणि ती लपवून मांडलेली बाजू मला मान्य नाही. ३० जुलै २००० ला चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांना पळवलं. त्याच्या मागण्यांत तमिळ भाषेपासून कावेरीपर्यंत सगळं होतं. विशेष पोलीस दलाच्या अत्याचारांत भरडलेल्या गावकऱ्यांना भरपाई हीसुद्धा होती, म्हणजे पुन्हा खंडणीच्या पोटात लपलेलं एक खरं देणं. कर्नाटक आणि तमिळनाडू या दोन्ही राज्यांची सरकारं वीरप्पनच्या साथीदारांवरचे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचे खटले मागे घ्यायला निघाली. वीरप्पनने मारलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याचे वृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००० मध्ये न्यायालयाने ते थांबवलं. आपल्या मुलाचे मारेकरी सौद्यात सुटू नयेत म्हणून एक म्हातारा बाप उभा राहिला, तेव्हा राज्याला आपली रेघ आठवली. राजकुमार १०८ दिवसांनी, १५ नोव्हेंबरला सुटले. पैसे दिल्याचे आरोप नंतर झाले. पण २००२ मध्ये वीरप्पनने माजी मंत्री नागप्पा यांना नेलं आणि डिसेंबरमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. रेघ पाळली की माणूस सुटतोच, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

इस्रायलचं उदाहरण दोन्ही बाजू देतात. २०११ मध्ये हमासच्या ताब्यातल्या गिलाद शालित या एका सैनिकासाठी त्यांनी १,०२७ कैदी सोडले. त्यात याह्या सिनवार होता, ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याचा सूत्रधार. त्या हल्ल्यानंतर गाझात नेलेल्या अडीचशेच्या आसपास माणसांपैकी लष्करी कारवायांत जिवंत सोडवता आले ते आठ. बाकी जे जिवंत परतले, त्यांतले बहुतेक सगळे बोलण्यांतून, करारांतून परतले. इतकी बलाढ्य फौज असलेल्या देशालाही शेवटी टेबलाशी बसावंच लागलं. तेव्हा 'घुसून सोडवा' म्हणणाऱ्यांनी हा आठचा आकडा जवळ ठेवावा.

आता मध्यस्थांबद्दल. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. महाराजांनी २३ किल्ले द्यायचे ठरले आणि ते ताब्यात मिळेपर्यंत आठ वर्षांचे शंभूराजे मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत ओलीस राहिले. त्या काळी ओलीस म्हणजे शब्दाची हमी होती. दोन्ही बाजू शब्द पाळतील या विश्वासावर ते मूल शत्रूच्या तंबूत झोपत होतं. रस्त्यावरून उचलून नेलेल्या माणसाला आपण तोच शब्द वापरतो, पण त्याच्यामागे कसलीही हमी नसते. आजच्या काळात शब्दाची हमी म्हणून जो स्वतःला शत्रूच्या हवाली करतो, तो मध्यस्थ. एप्रिल २०२१ मध्ये छत्तीसगडमधल्या बिजापूर जिल्ह्यातल्या चकमकीत २२ जवान गेले आणि केंद्रीय राखीव पोलिसांच्या कोब्रा दलाचा एक जवान माओवाद्यांच्या हाती लागला. त्याला आणायला जंगलात कोण गेलं? नव्वदी ओलांडलेले धरमपाल सैनी. विनोबांचे शिष्य, बस्तरमध्ये आयुष्यभर आदिवासी मुलींच्या शाळा चालवलेले. त्यांच्या संस्थेचं नाव माता रुक्मिणी, आणि विनोबांच्या आईचंही नाव रुक्मिणीच. १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात पायी गेले आणि दरोडेखोरांनी त्यांच्यासमोर बंदुका ठेवल्या होत्या. गागोद्यात जन्मलेल्या त्या माणसाची परंपरा बस्तरच्या झाडीत साठ वर्षांनी एका जवानाचा जीव वाचवायला पोचली, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. सैनींबरोबर गोंडवाना समाजाचे तेलम बोरय्या होते, स्थानिक पत्रकारही होते. ८ एप्रिलला तो जवान सुटला. सैनींकडे ना पद होतं ना शस्त्र, फक्त तिथल्या लोकांत चार दशकांहून जास्त काळाची पत होती.

ही पत सरकार दर वेळी उसनी घेतं आणि परत करायचं विसरतं. काम झालं की मध्यस्थावर संशय. तो नक्षल्यांच्या बाजूचा तर नाही ना, अशी कुजबुज सुरू होते. दिलेलं आश्वासन फायलीत जातं. पुढच्या वेळी जंगलात जाणाऱ्याने लोकांना काय सांगायचं?

घरच्यांचीही दखल कुणी घेत नाही. २०१४ मध्ये इराकमधल्या मोसुलमध्ये नेलेले ३९ भारतीय मजूर जिवंत नाहीत, हे त्यांच्या घरच्यांना संसदेतून मार्च २०१८ मध्ये कळलं. तोवर ते जिवंत असल्याचंच सांगितलं जात होतं. सोमाली चाच्यांनी पकडलेल्या अस्फाल्ट व्हेंचर जहाजाची खंडणी एप्रिल २०११ मध्ये पोचली आणि तरी सात भारतीय खलाशांना ठेवून घेतलं गेलं, कारण आपल्या नौदलाने पकडलेले त्यांचे साथीदार मुंबईत कैदेत होते. ते खलाशी ऑक्टोबर २०१४ मध्ये परतले. साडेतीन वर्षं त्यांच्या घरच्यांनी कुणाला फोन करायचा होता?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. तेव्हा हा सगळा विषय शिळा झाला, असं कुणाला वाटेल. मला उलट वाटतं. कुणीच कुणाच्या ताब्यात नाही, कुणाची आई टीव्हीसमोर रडत नाही, अशा दिवसांतच हे ठरवता येतं. शिक्षा झालेला किंवा खुनाचा आरोप असलेला कैदी सौद्यात सुटणार नाही, मग ओलीस कुणीही असो, हे विधिमंडळाने आजच सांगावं. ओलीस धरलेला माणूस शिपाई असो, मजूर असो, मंत्र्याचा नातेवाईक असो, पहिल्या दिवसापासून त्याच्यासाठी बोलणारं एकच कायमचं पथक असावं आणि घरच्यांशी रोज बोलणारा एक अधिकारी. सुटकेसाठी दिलेल्या प्रत्येक आश्वासनाचं काय झालं, याचा अहवाल सहा महिन्यांत सभागृहासमोर यावा. आणि नाशिक, नंदुरबार, गडचिरोलीचे वनहक्काचे पडून राहिलेले दावे कुणी चालत निघायच्या आत निकाली काढावेत.

वहिनींचा मुलगा सुखरूप परत आला. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे. त्याच्या जागी त्र्यंबक रस्त्यावरून निघालेला दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा गेला आहे.